वाऱ्याच्या करारातला तिसरा भागीदार

(संस्थेच्या वार्षिक मित्रमेळाव्यात केलेले भाषण, वाचकांसाठी थोडे संपादित करून.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘पवनऊर्जा आणि आपली गावे’ असा विषय छापला आहे. तो वाचून काहींना नवल वाटले असेल. दरवर्षी मी तुम्हाला वसतिगृहातल्या मुलांविषयी, फिरत्या दवाखान्याविषयी, महिलांच्या बचत गटांविषयी सांगते. ते काम चालूच आहे आणि त्याचा अहवाल तुमच्या हाती दिला आहे. पण गेली काही वर्षे आमच्या गावांतल्या बैठकींत एक विषय वारंवार निघतो, तो म्हणजे डोंगरावरच्या पवनचक्क्या. ज्यांची मुले आपल्या वसतिगृहात शिकतात, त्यांच्याच डोंगराचा हा प्रश्न आहे. म्हणून आज त्याविषयी बोलायचे ठरवले.

आमचे काम धुळे जिल्ह्याच्या पश्चिम भागात, साक्री तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात आणि पुढे नवापूरच्या बाजूला आहे. भिल्ल, कोकणी, मावची ही इथली माणसे. तुमच्यापैकी जे धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याने गेले असतील, त्यांनी दूर पठारावर फिरणाऱ्या पांढऱ्या पात्यांच्या रांगा पाहिल्या असतील. ब्राह्मणवेलचे पवनऊर्जा क्षेत्र इथलेच. देशातल्या मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांत त्याची गणना होते. गाडीतून ते दृश्य सुंदर दिसते, आणि खोटे कशाला बोलू, मलाही ते आवडते. कोळसा न जाळता, धूर न करता वीज तयार होणे ही चांगली गोष्ट आहे. देवाने दिलेल्या सृष्टीची राखण करायची असेल तर अशी वीज हवीच. तेव्हा मी पवनचक्कीच्या विरोधात बोलायला उभी राहिलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझे म्हणणे भागीदारीविषयी आहे. सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’ असा शब्द आपण वाचतो. साध्या भाषेत सांगायचे तर जे काम सरकारला एकट्याला झेपत नाही आणि कंपनीला एकटीला परवडत नाही, ते दोघे मिळून करतात. सरकार काही आणते, कंपनी काही आणते आणि फायदा-तोटा कसा वाटायचा ते करारात लिहितात. आपल्या देशात पवनऊर्जा जी वाढली ती अशीच वाढली.

कोणी काय आणले ते पाहू. १९८६ मध्ये भारतातले पहिले पवनऊर्जा प्रकल्प किनाऱ्यावर उभे राहिले. गुजरातेत ओखा, तामिळनाडूत तुतिकोरिन आणि आपल्याकडे रत्नागिरीचा किनारा. त्या चक्क्या अवघ्या ५५ किलोवॅटच्या होत्या आणि ते सरकारी प्रात्यक्षिक होते. पुढे वारा कुठे किती वाहतो याची मोजणी सरकारी यंत्रणांनी केली. त्यासाठी डोंगरांवर उंच खांब उभारले, वर्षानुवर्षे नोंदी घेतल्या आणि त्या प्रसिद्ध केल्या. कंपन्यांना आयती माहिती मिळाली. महाराष्ट्रात १९८५ मध्ये स्थापन झालेल्या महाऊर्जा या संस्थेने हे काम पुढे नेले.

मग करसवलत आली. पवनचक्कीवर पैसा गुंतवणाऱ्याला पहिल्याच वर्षी किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत घसारा दाखवण्याची मुभा बराच काळ होती. त्यामुळे ज्यांचा विजेशी संबंध नाही अशा अनेक उद्योगांनीही कर वाचवण्यासाठी चक्क्या विकत घेतल्या. त्यानंतर भाव ठरला. २००३ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने पवनविजेला युनिटमागे साडेतीन रुपये, दरवर्षी १५ पैशांची वाढ आणि १३ वर्षांचा करार असा दर ठरवून दिला. त्याच वर्षीच्या वीज कायद्याने वीज वितरण करणाऱ्यांवर ठरावीक हिस्सा अशा स्रोतांतून घेण्याचे बंधन आणण्याचा अधिकार आयोगांना दिला. म्हणजे गिऱ्हाईकही पक्के झाले. २०१७ पासून केंद्राने लिलाव सुरू केले आणि पहिल्याच लिलावात दर ३ रुपये ४६ पैशांवर आला. यामागे कंपन्यांनी आपले भांडवल घातले, बँकांचे कर्ज काढले, यंत्रे बनवली, शंभर-शंभर मीटर उंचीवर काम करणारे तंत्रज्ञ तयार केले. हे लहान काम नव्हे. २०२५ च्या मार्चमध्ये देशाची पवनऊर्जा क्षमता ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली, ती या दोघांच्या मेहनतीने. त्यातले पाच हजारांहून अधिक मेगावॅट महाराष्ट्रात आहेत.

आता मला सांगा, या सगळ्या यादीत काय राहिले? मोजणी, करसवलत, भाव, गिऱ्हाईक, भांडवल, यंत्र सगळे आले. जागा राहिली. वारा डोंगरमाथ्यावर वाहतो आणि आपल्या भागात डोंगरमाथ्याच्या आसपास आदिवासी राहतो. जागेशिवाय चक्की उभी राहत नाही. म्हणजे या भागीदारीत तिसरा एक जण पहिल्या दिवसापासून आहे. फक्त करारावर त्याची सही नाही.

कागदावर हा डोंगर वनखात्याचा असतो किंवा ‘पडीक’ असतो. जो तिथे राहतो त्याला विचारा. पावसाळ्यात गुरे वर चरतात. उतारावर नागली आणि वरई पिकते. मोह, डिंक, टेंभुर्णीची पाने, औषधी मुळ्या तिथून येतात. उन्हाळ्यात शेवटपर्यंत टिकणारा झरा कोणत्या घळीत आहे हे तिथल्या बायकांना ठाऊक असते. आमच्या कोकणी आणि भिल्ल शेजाऱ्यांचा डोंगऱ्या देवाचा उत्सव मार्गशीर्षात होतो, तोही डोंगराशी बांधलेला. आपली श्रद्धा वेगळी आहे, पण शेजाऱ्याला जे पवित्र वाटते त्याची नोंद कोणत्याच नकाशावर नसावी, हे आपल्यालाही टोचले पाहिजे.

गावाला काय मिळाले, तेही प्रामाणिकपणे सांगते. माथ्यापर्यंत रस्ता झाला. त्या रस्त्याने आजारी माणूस दवाखान्यात लवकर पोहोचतो. काही तरुणांना राखणदाराची नोकरी लागली. काही ठिकाणी शाळेला बाके आणि पाण्याची टाकी मिळाली. दुसऱ्या बाजूला, अवजड ट्रेलरांसाठी डोंगर कापताना दगडमाती उतारावरच्या शेतात आली आणि गुरांच्या जुन्या वाटा तुटल्या. ज्या जमिनीवर लोक पिढ्यान्‌पिढ्या कसत होते पण नावावर कागद नव्हता, तिथल्या लोकांची तक्रार ऐकायलाच कोणी नव्हते. एका पाड्यावरच्या आजींनी मला विचारले, “ताई, एवढी वीज आमच्या डोईवर तयार होते, मग रात्री आमच्याच घरात अंधार का?”

याचे तांत्रिक उत्तर सोपे आहे. चक्कीची वीज सातशे व्होल्टच्या आसपास तयार होते, तिथल्या तिथे दाब वाढवून ३३ हजार व्होल्टच्या तारांनी उपकेंद्रात जाते आणि तिथून आणखी मोठ्या वाहिनीने शहराकडे. घरातला दिवा त्या तारेला जोडताच येत नाही. गावाची वीज महावितरणच्या वेगळ्या तारेने येते आणि ती तार वाऱ्यापावसात तुटते. आजींना मी हे समजावले. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, “म्हणजे दोन तारा. जाणारी मजबूत, येणारी कच्ची.” यापेक्षा चांगले वर्णन मला कुठल्या अहवालात सापडलेले नाही.

गैरसमजही आहेत. पवनचक्क्यांमुळे ढग पळतात आणि पाऊस पडत नाही, अशी समजूत दुष्काळाच्या वर्षांत सातारा, सांगली, धुळे अशा अनेक भागांत पसरली होती. त्याला शास्त्रीय आधार नाही. जुन्या चक्क्यांची पाती जेमतेम शंभर मीटरपर्यंत पोहोचतात, पावसाचे ढग त्याहून कितीतरी वर असतात. आम्ही बैठकींत हे स्पष्ट सांगतो. खोट्या तक्रारीमागे धावले की खरी तक्रार बाजूला पडते.

मग खरी गोष्ट कोणती? थोडा हिशेब करू. सव्वा मेगावॅटची एक चक्की घ्या. आपल्या भागात त्या काळी अशाच उभ्या राहिल्या. वर्षात ८७६० तास असतात. वारा काही सतत जोरात नसतो, म्हणून पूर्ण क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याइतकीच वीज मिळते असे धरू. तरी वर्षाला सुमारे २१ लाख ९० हजार युनिट झाले. साडेतीन रुपयांनी त्याचे साधारण ७६ लाख रुपये होतात. हा सगळा नफा नाही. त्यातून कर्जाचा हप्ता, व्याज, देखभाल, पगार जातो. पण समजा, करारात एक ओळ असती की युनिटमागे एक पैसा ग्रामसभेचा. एका चक्कीमागे वर्षाला २१ हजार ९०० रुपये. डोंगरावर अशा ४० चक्क्या असतील तर पावणेनऊ लाख, आणि तेही दरवर्षी. एका पैशाने कंपनी बुडत नाही. गावाचा मात्र झरा बांधून होतो, आरोग्यसेविकेचे मानधन निघते, मुलींच्या वसतिगृहाचा खर्च निघतो. यात दया मागितलेली नाही. जागा देणाऱ्याचा हा हिस्सा आहे.

तुम्ही म्हणाल, कायद्यात याला काही आधार आहे का? आहे, आणि तो आपल्या मंडळीतल्या प्रत्येकाला माहीत असावा असे मला वाटते. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की वनजमिनीवरचे हक्क तपासून मान्य होईपर्यंत तिथल्या माणसाला हटवता येत नाही. मिळालेला पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. तो मुलांना वारशाने जातो, पण विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. ग्रामसभेत निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका लागतात. ३ ऑगस्ट २००९ च्या केंद्राच्या परिपत्रकाने वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची लेखी संमती मागितली. पुढे रस्ते आणि वीजवाहिन्या अशा लांबलचक कामांना त्यातून सूट मिळाली आणि २०२२ च्या नियमांनी हक्क मिटवून घेण्याची जबाबदारी केंद्राच्या मंजुरीनंतर राज्य सरकारकडे गेली. वाट अवघड झाली, पण मूळ कायदा जागेवर आहे. सातबारावरच्या जमिनीचे म्हणाल तर आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायला किंवा भाडेपट्ट्याने द्यायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. आणि अनुसूचित क्षेत्रात, २०१४ च्या पेसा नियमांप्रमाणे, पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. साक्रीचा काही भाग आणि नवापूर तालुका त्या क्षेत्रात येतात.

तिसऱ्या भागीदाराला वगळले तर काय होते, याचे उदाहरण दूर आफ्रिकेतले आहे. केनियाच्या उत्तरेला तुर्काना सरोवराजवळ कोरडा, वाऱ्याचा प्रदेश आहे. तुर्काना, सांबुरू, रेंडिले, एल मोलो अशा जमाती तिथे राहतात. बहुतेक गुरे, उंट, शेळ्या पाळणाऱ्या. तिथे ३६५ चक्क्यांचा ३१० मेगावॅटचा प्रकल्प सार्वजनिक-खासगी भागीदारीतून झाला. चक्क्या खासगी कंपनीच्या, कर्ज आफ्रिकन विकास बँकेसारख्या संस्थांचे, वीज विकत घेणारी कंपनी सरकारी हिश्श्याची आणि चारशेहून अधिक किलोमीटरची वाहिनी बांधायची जबाबदारी सरकारी कंपनीची. जमीन दीड लाख एकर, स्थानिक परिषदेकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने.

चक्क्या २०१७ मध्ये उभ्या राहिल्या. वाहिनी मात्र २०१८ च्या सप्टेंबरमध्ये पूर्ण झाली. तोपर्यंत पाती वीज न देता उभी होती आणि करारात लिहिल्याप्रमाणे उशिराची भरपाई सरकारच्या बाजूने द्यावी लागली. पाहा, दोन भागीदारांनी आपापसातले नुकसान कसे वाटायचे ते किती बारकाईने लिहून ठेवले होते! गुरे पाळणाऱ्यांच्या नुकसानीचे काय करायचे, ते तसे लिहिलेले नव्हते. लोक न्यायालयात गेले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मेरू येथील न्यायालयाने ठरवले की ती जमीन देताना कायद्याची रीत पाळलेली नाही, तिची कागदपत्रे बेकायदा आहेत. सगळे रीतसर करायला एक वर्ष दिले. म्हणजे देशातली एवढी मोठी गुंतवणूक उभी राहिली आणि तिच्या पायाखालच्या जमिनीचा कागदच कच्चा निघाला. लोकांना आधी विचारले असते तर वेळ गेला असता, पण कंपनी, सरकार आणि मेंढपाळ तिघांचेही भले झाले असते.

याच्या उलट उदाहरण डेन्मार्कचे. कोपनहेगनच्या बंदराबाहेर समुद्रात मिडलग्रुंडेन नावाच्या उथळ जागी २००० मध्ये २० चक्क्या उभ्या राहिल्या. दहा शहराच्या वीज कंपनीच्या, दहा एका सहकारी संस्थेच्या. त्या संस्थेचे ४० हजार ५०० भाग होते आणि साडेआठ हजारांहून अधिक सामान्य माणसांनी ते घेतले. चक्की खिडकीतून दिसते आणि तिचे उत्पन्न आपल्याही घरात येते, म्हटल्यावर विरोध मावळतो. सहकार हा शब्द महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. पश्चिम महाराष्ट्रात ऊस उत्पादक शेतकरी साखर कारखान्याचा सभासद झाला. मग वाऱ्याच्या डोंगरावरचा आदिवासी सभासद का होऊ नये?

‘त्यांना जमेल का?’ असे कोणी विचारते तेव्हा मी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचे नाव घेते. त्या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. हिशेब ग्रामसभेत, निर्णय सर्वांच्या संमतीने. बांबूचा हिशेब ठेवणारी ग्रामसभा वाऱ्याचाही ठेवू शकते.

आता मी आज हे का बोलते आहे, त्याचे कारण सांगते. जुन्या चक्क्या म्हाताऱ्या होत आल्या आहेत. पवनचक्कीचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे धरतात. २००० नंतर ज्या उभ्या राहिल्या, त्यांची वेळ भरत आली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने नवे धोरण आणले. त्यात दोन मेगावॅटपेक्षा लहान चक्क्या काढून त्याच जागी मोठ्या बसवायला किंवा जुन्यांचे आयुष्य वाढवायला प्रोत्साहन आहे. चांगला वारा असलेल्या जागा आधीच व्यापलेल्या असल्याने हे शहाणपणाचेही आहे. पण याचा आपल्या गावांपुरता अर्थ असा की कागद पुन्हा होतील. भाडेपट्ट्यांची मुदत वाढेल, रस्ते रुंद होतील, नवे खांब लागतील. पहिल्या वेळी आमच्या गावांत वनहक्क कायदाच नव्हता किंवा नुकताच आला होता. या वेळी तो आहे. पहिल्या वेळी वाचता येणारा माणूस पाड्यात एखादाच होता. या वेळी आपल्याच वसतिगृहात शिकलेली मुले-मुली आहेत. ही संधी गेली तर पुढचे कागद आणखी पंचवीस वर्षांनी होतील. तेव्हा आज वसतिगृहात असलेली मुले चाळिशीत असतील.

म्हणून आम्ही महिन्यातून एकदा पाड्यावर ‘कागद-वाचन’ ठेवतो. सगळ्या श्रद्धांचे लोक येतात; तिथे उपदेश होत नाही. कोणी सातबारा आणतो, कोणी वनहक्काच्या दाव्याची पोच, कोणी कुठल्याशा माणसाने अंगठा घेऊन दिलेला कागद. शिकलेली पोरे मोठ्याने वाचतात, आणि ज्या बायकांना अक्षर येत नाही त्या सर्वांत नेमके प्रश्न विचारतात.

कोणी कागद घेऊन आला की विचारायचे सहा प्रश्न आम्ही सगळ्यांना पाठ करून घेतले आहेत. जमीन कोणाच्या नावे आहे आणि तिच्यावर कोणाचा वनहक्काचा दावा प्रलंबित आहे का? करार किती वर्षांचा आणि संपल्यावर चक्की व तिचा सिमेंटचा पाया कोण काढणार? मोबदला एकदाच की दरवर्षी आणि वीज वाढली तर तो वाढणार का? गुरांची वाट, झरा, देवस्थान, दफनभूमी नकाशावर दाखवली आहे का? नोकरी कंपनीची की ठेकेदाराची आणि मुलांना तंत्रज्ञाचे प्रशिक्षण मिळणार का? आणि शेवटचा, तक्रार कोणाकडे करायची आणि उत्तर किती दिवसांत? या सहांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत अंगठा नाही. एका गावात बाहेरून आलेल्या माणसाला एका सुनेने उभ्यानेच हे सहाही प्रश्न विचारले. तो म्हणाला, “साहेबांना विचारून येतो.” ती म्हणाली, “या. आम्ही इथंच आहोत.”

धर्मशास्त्र शिकताना यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायाकडे मी फारसे लक्ष दिले नव्हते. या कामात तो मला नव्याने भेटला. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला आहे आणि संदेष्टा अनाथोथचे शेत विकत घेतो. सतरा शेकेल रुपे तोलून देतो. साक्षीदार बोलावतो. खरेदीखत करतो, एक मोहरबंद आणि एक उघडे, आणि बारूखाला सांगून दोन्ही मातीच्या भांड्यात ठेवतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. आशा कशी दिसते? तर साक्षीदारांसमोर केलेल्या आणि जपून ठेवलेल्या कागदासारखी दिसते. आमच्या पाड्यांवर मातीच्या भांड्याऐवजी पत्र्याची पेटी आहे. प्रत्येक पाड्यासाठी एक, तिला दोन कुलपे, एक किल्ली पुरुषाकडे आणि एक बाईकडे.

आता तुमच्याकडे मागणे. पैशांची गरज आहेच: झेरॉक्स, तहसीलचे हेलपाटे, मोजणीची फी, वकिलांचा प्रवास. पण त्याहून अधिक मला तुमची माणसे हवीत. आपल्या मंडळ्यांत निवृत्त तलाठी आहेत, भूमी अभिलेखात नोकरी केलेले आहेत, वीज मंडळातले अभियंते आहेत, वकील आहेत. वर्षातले चार दिवस द्या. आमच्याबरोबर पाड्यावर बसा आणि नकाशा कसा वाचायचा ते शिकवा. आयटीआयमध्ये वीजतंत्री होणाऱ्या एखाद्या मुलाची किंवा मुलीची फी उचला. उद्या जुन्या चक्क्या बदलतील तेव्हा वर चढून काम करणारा हात आमच्या पाड्यावरचा असू द्या. आणि तुमच्यापैकी ज्यांचे पैसे अशा कंपन्यांच्या शेअरमध्ये किंवा म्युच्युअल फंडात आहेत, त्यांनीही भागधारक म्हणून एक पत्र लिहावे: जिथे चक्क्या बदलणार, तिथल्या ग्रामसभेचा हिस्सा काय? हा प्रश्न विचारायला तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

कंपनीच्या माणसांसाठी आणि सरकारी अधिकाऱ्यांसाठीही प्रार्थना करा. मी त्यांच्यातल्या काहींना भेटले आहे. बरेच जण भले आहेत. त्यांना वेळेत काम संपवायचे असते आणि गावाशी कोणाकरवी बोलायचे ते माहीत नसते. गाव तयार असेल तर त्यांचेही काम सोपे होते. या पावसाळ्यानंतर आमच्या दोन पाड्यांच्या ग्रामसभा सामूहिक वनहक्काचे दावे दाखल करणार आहेत. गणपूर्ती व्हावी, बायका मोठ्या संख्येने याव्यात आणि मोजणीच्या दिवशी वनखात्याचा, महसूलचा आणि गावाचा माणूस एकाच वेळी डोंगरावर हजर असावा, यासाठी तुमच्या घरच्या प्रार्थनेत आठवण ठेवा.